नेमाचं चाळिसावं पान

लाखवातीचं व्रत केलेल्या बायकांना माझं म्हणणं लगेच पटेल. वाती मोजून वळायच्या असतात. पण ओट्यावर चार जणी टेकल्या की बोलणं सुरू होतं, मोजणं राहून जातं, आणि संध्याकाळी बघावं तर टोपली भरलेली! आमच्या गल्लीतल्या गोष्टींचं असंच झालं. मुद्दाम कोणी जमवल्या नाहीत. एकेक वळली गेली नि टोपलीत पडली.

त्यातल्या एका चातुर्मासाच्या तेवढ्या आज सांगते.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची ही हकीकत. महाल नावाच्या जुन्या वस्तीतली आमची गल्ली एवढी अरुंद, की आमच्या ओट्यावर बसून समोरच्या मुरलीधराच्या मंदिरातली आरती म्हणता यायची. आणि मंदिरात बसलेल्यांना आमच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. गुरुजी तर आरती संपली की विचारायचे, "ताई, आज तूर होती की मूग? दोनच शिट्ट्या झाल्या."

शेजारी भाड्यानं राहणाऱ्या लेडी डॉक्टरबाईंची बदली झाली. सामान ट्रकात चढलं आणि एक पत्र्याची पेटी मागे राहिली. बाई म्हणाल्या, "लहान मुलांची पुस्तकं आहेत. शरीराची, आरोग्याची. मंदिरात ठेवा, पोरं वाचतील."

पेटीतली पुस्तकं मंदिराच्या ओट्यावरच्या कपाटात गेली. एक दातांचं, एक पोटाचं, एक हाडांचं. ही तिन्ही बारीक. चौथं जाड होतं, मोठं होण्याचं. पण पोट्टे कशाला वाचतात? महिनाभर त्या कपाटात फक्त झुरळांचं आरोग्य सुधारलं.

*

दर चातुर्मासात मी एक नेम धरते. एका वर्षी चहातली साखर सोडली. सवयीनं ह्यांच्याही चहात घालायची राहून जायची. नेम माझा, नि वजन ह्यांचं कमी झालं! दुसऱ्या वर्षी मौनानं जेवायचा नेम केला. तेव्हा हे म्हणाले, "हा बारा महिने चालला तरी माझी हरकत नाही."

त्या वर्षी आषाढी एकादशीला मी पळीभर पाणी सोडून संकल्प केला, की या पुस्तकांचं रोज एक पान संध्याकाळच्या आरतीनंतर मुलांना मोठ्यानं वाचून दाखवीन. नियम पोथीचेच. पुस्तक लाल फडक्यात बांधायचं, मोरपिसाची खूण ठेवायची. एका दिवसाला एकच पान. गाळायचं नाही, मनातल्या मनात वाचायचं नाही, आणि पुढचं पान आधी उघडून बघायचं नाही. कार्तिकी एकादशीला उद्यापन.

शेजारच्या शांताबाईला मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. शांताबाई नरखेडकडची. माहेरी संत्र्याचे बगीचे. बोलणंही तसंच, गोड पण साल काढताना डोळ्यांत उडेल असं.

"पन वहिनी, पुढं काय लिवलं हाय ते पाह्यलं का तुमी?"

"पोथी का कोणी आधी चाळून बघतं, शांताबाई?"

"घ्या! आमच्याकडं बगीचा घेते तं मानूस आंदी झाडाझाडाखालून फिरते. तुमी तं कुंपनावरूनच सौदा केला!"

मी हसले. चौथं पुस्तक फडक्यात होतं, आणि माझा मुरलीधरावर विश्वास होता.

*

पहिलं पुस्तक दातांचं. मोठ्या माणसाला बत्तीस दात असतात, हे पान ज्या दिवशी वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एकाही मोठ्या माणसाला धड जांभई देता येईना. तोंड उघडलं की समोर एक पोट्टा, बोट वर करून मोजतोय!

शांताबाईनं पदर तोंडावर घेतला. "माहे नाई मोजाचे! नजर लागते!"

शेवटी सगळी वरात मंदिराच्या पंचांचे अध्यक्ष आबाजी यांच्याकडे गेली. आबाजी म्हणजे रिटायर्ड हेडक्लार्क. काळी टोपी, पांढरं धोतर, नि प्रत्येक कागदावर आधी हरकत. घरात ते आणि त्यांची नात मंदा, दोघंच. मंदाची आई नव्हती. वडील रेल्वेत, बिलासपूरला. सकाळी एक स्वयंपाकीणबाई येऊन दोन्ही वेळचं करून जायची.

पोट्टे म्हणाले, "आबाजी, तुमचे दात मोजायचे आहेत."

आबाजींनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग शांतपणे आतून वाटी आणली, तोंडातून वरची कवळी काढली, खालची काढली, आणि वाटी पुढे केली. "घ्या. मोजून झाले की धुऊन आणा!"

सगळी पळाली. एकटी मंदा हसत उभी होती. मात्र कोपऱ्यावरचा बंड्या घरी जाऊन आईला म्हणाला, "आपले दात असे काहून नाहीत? मले रोज नळावर नेऊन घासावे लागते. आबाजी तर नुसते दात पाठवू शकतात!"

*

पोटाचं पुस्तक लागलं तेव्हा अडचणीत आले गुरुजी. नखांतल्या मळातून पोटात जंत जातात, असं पान निघालं. झालं! आरतीनंतर गुरुजी प्रसादाचे फुटाणे वाटायला आले, तर रांगेतला पहिलाच पोट्टा म्हणाला, "गुरुजी, आधी हात दाखवा."

"हात? मी का भविष्य विचारायला आलो आहे?"

"नखं पाहायची आहेत."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मुरलीधराकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "चाळीस वर्षं प्रसाद देतो आहे. देवानं कधी नखं मागितली नाहीत! आणि आज शुक्रवार, दिवे लागलेले. आता नखं कापता येत नाहीत."

"मग आज चमच्यानं द्या."

त्या दिवशी मुरलीधराचा प्रसाद चमच्यानं वाटला गेला! दुसऱ्या दिवशी गुरुजी आले ते दोन्ही हात पुढे करूनच. नखं स्वच्छ, आणि लाल साबणाचा वास पार माझ्या ओट्यापर्यंत. पोट्टे खूश. पुढे झाले, तसे गुरुजींनी फुटाण्यांचं ताट मागे घेतलं. "हां! आता तुमची दाखवा."

अर्धी रांग नळावर गेली. अर्धी लाजून घरीच गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मंदिरात प्रसाद उरला!

*

त्याच पुस्तकात होतं, एक घास बत्तीस वेळा चावून खावा. हे पान वाचताना मला मोठं पुण्य लागल्यासारखं वाटलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा विचार मनात आला असता तर आवाज जरा हळू काढला असता!

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील. पहिली पंगत मुलांची, मग पुरुषांची, आणि अखेर उपाशी राहून रांधणाऱ्या आम्ही बायका. त्या वर्षी पोट्टे पानावर बसले, एक घास तोंडात टाकला, आणि सगळ्यांनी मिळून बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक… दोन… तीन… वाढणारे उभे. वरण गार. पुरुष ओट्यावर चुळबुळत. पोट्टे एकोणतिसावर! मध्येच एखाद्याचं मोजणं चुकलं की तो प्रामाणिकपणे पुन्हा एकपासून सुरू करायचा.

शांताबाई तुपाची वाटी घेऊन दारात उभी होती. सकाळपासून चहासुद्धा नाही. ती आत बघून म्हणाली, "वहिनी, ह्या पोट्ट्यायचं जेवन होते तवरक महालक्ष्म्याच जाऊन राहिल्या समजा!"

*

हाडांच्या पुस्तकात मधोमध एक अख्खा सांगाडा होता. शांताबाई श्रावणातल्या शुक्रवारी हळदकुंकू घेऊन मंदिरात आली. देवाला वाहिलं, तुळशीला वाहिलं, आणि नेमाच्या पोथीलाही वाहावं म्हणून फडकं सोडलं. समोर सांगाडा!

"अवो माय! हे कोन होय?"

"आपणच. सगळ्यांच्या आत असतो."

ती खाली बसली. कुंकवाचं बोट तसंच वर. मग हळूच म्हणाली, "वहिनी, हा मानूस होय का बाई?"

"हाडांवरून मला नाही बाई कळत."

"मंग कुकू कसं लावू? अन् बाई जरी असली, तरी सवाशीन हाय का नाई, हे बी समजून नाई राहिलं!"

शेवटी तिनं गुरुजींकडून बुक्का मागून आणला आणि सांगाड्याच्या कपाळाला लावला. "बुक्का चालते. मानसाले बी चालते, बाईले बी चालते, अन् गेलेल्याले बी!"

ते पान अजून उघडलं तरी बुक्क्याचा वास येतो.

*

हसण्यासारखी नाही अशीही एक वात या टोपलीत आहे. ती वगळून पुढचं सांगता येणार नाही.

त्याच दिवसांत लगोरी खेळताना मंदा पडली. गुडघा फुटला. बाकीची पोरं अशा वेळी भोकाड पसरतात. ही रडली नाही. रक्ताच्या ओघळाकडे एकटक बघत बसली. चेहरा पांढराफटक. मी हळद भरून फडकं बांधलं, तर म्हणाली, "काकू, किती गेलं की माणूस मरतं?"

"एवढ्यानं कोणी मरत नाही, वेडे."

"मग केवढ्यानं?"

ती पाच वर्षांची असताना तिची आई बाळंतपणात गेली होती. फार रक्त गेलं, असं आल्यागेल्यापुढे बोललं जायचं. पोरगी दाराआड उभी असेल, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी शांताबाई वाती वळता वळता म्हणाली, "बारा सरले तिले. आज ना उद्या ते दिवस येतीन. तवा ते पोरगी मरूनच जाईन वं भेवानं! तिले कोन सांगन? आबाजी सांगन का?"

मीच सांगायचं ठरवलं. मुरलीधराला तसं कबूल केलं. आणि खरं सांगते, मी मंदाला तीनदा घरी बोलावलं आणि तीनदा शिरा खाऊ घालून परत पाठवलं. जीभच उचलेना! आमच्या वेळी त्या गोष्टीला शब्द नव्हता, नुसती खूण होती. तिसऱ्या वेळी ती उठता उठता म्हणाली, "काकू, तुम्हाला काही सांगायचं होतं ना?"

"हो… अगं, अजून थोडा शिरा घे."

*

दर महिन्याला चार दिवस मी मंदिरात जात नसे. नेम तर मोडायचा नाही. म्हणून पहिल्या महिन्यापासूनच ठरलं, की ते चार दिवस माझ्या ऐवजी मंदा वाचणार. मी माझ्या ओट्याच्या कोपऱ्यावर बसून ऐकणार. तिचा आवाज खणखणीत, एकेक अक्षर सुटं.

मुलांना कारण काय सांगायचं? जे सगळ्या घरांत सांगत तेच. काकूंना कावळा शिवला.

बंड्याच्या आईलाही एकदा नेमका पोळ्याच्या तोंडावर कावळा शिवला. म्हणजे घरात पुरणपोळी नाही! पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीत काय चाललं आहे ते कळेना. कावळा दिसला की दगड. लिंबावर दगड, मंदिराच्या कळसाकडे दगड. गुरुजींच्या खांद्याला एक लागला, तेव्हा बंड्याला धरून आणलं. मी विचारलं,

"काहून रे मारतोस त्यांना?"

बंड्या रडकुंडीला आला होता. "उद्या सण आहे. आज दिवसभर मी आईजवळ एक पण कावळा येऊ दिला नाही. नि तरीही आई म्हणते, शिवला!"

गल्लीतल्या यच्चयावत बायका पदरात तोंड घालून घरात पळाल्या. मंदा तेवढी गंभीर होती. मला म्हणाली, "काकू, शिवत नाही ना कावळा? दुसरंच काही आहे ना?"

मी शिरा करायला उठले.

*

अश्विन लागला. चौथ्या पुस्तकाचं एकेक पान पुढे सरकत होतं. उंची कशी वाढते, आवाज का फुटतो, मुरमं का येतात. नवरात्रातल्या अष्टमीला आबाजी पुस्तक काखेत घेऊन माझ्या दारात आले. पंचांचे अध्यक्ष म्हणून त्यांनी 'तपासणीसाठी' ते सकाळी नेलं होतं. टोपीखालचं कपाळ लाल.

"सूनबाई, चाळिसावं पान वाचलंत?"

"नाही. आज अडतिसावं आहे."

"चाळिसावं वाचायचं नाही."

"का हो आबाजी?"

आबाजींनी तोंड उघडलं, मिटलं, गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. "मुलींच्या… म्हणजे… बायकांच्या गोष्टी लिहिल्या आहेत. देवाच्या दारात!"

तेव्हा मला कळलं, त्या पानावर काय असणार. मला न सांगता येणारं कोणीतरी छापून ठेवलं होतं, आणि मुरलीधरानं माझ्या नेमात बांधून दिलं होतं!

"आबाजी, पान गाळलं तर नेम मोडतो."

"मग मोडा! नाही तर कपाट उद्याच मंदिरातून हलेल."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्रं, अवजारं, पुस्तकं पूजेला मांडतात. आबाजींनी आमची पोथी लाल फडक्यासकट उचलली, सभामंडपात सरस्वतीपुढे पाटावर ठेवली, वर झेंडूची माळ घातली आणि जाहीर केलं, "पूजेत बसलेला ग्रंथ हलवायचा नाही. कोजागिरीला उत्तरपूजा होईल!"

हेडक्लार्कच ते! कपाटाला हात लावला नाही, नेमाला नाही म्हटलं नाही, आणि फाईल देवाकडे पाठवून दिली!

मला रडूच आलं. तेवढ्यात गुरुजी गाभाऱ्यातून बाहेर आले. स्वच्छ नखांच्या बोटांनी त्यांनी माळ सारखी केली. म्हणाले, "आबाजी, बरोबर. पूजेतला ग्रंथ हलवायचा नाही. पण ग्रंथ असा बांधून पूजेत ठेवत नाहीत. उघडून ठेवतात. देवानं वाचायचा कसा?" आणि फडकं सोडून माझ्याकडे वळले, "ताई, कितवं पान?"

"एकोणचाळिसावं," मी म्हणाले.

मी पाटापुढे बसून ते वाचलं. ग्रंथ तसूभरही हलला नाही. आबाजी मात्र दोनदा जागचे हलले.

*

आणि दसऱ्याच्या दिवशी सकाळी मलाच कावळा शिवला!

हे म्हणाले, "म्हणजे आज श्रीखंड नाही?" मी म्हणाले, "श्रीखंडाचं काय घेऊन बसलात, आज चाळिसावं पान आहे!"

देवाला विनोदबुद्धी नाही असं कोणी म्हणू नये. ज्या गोष्टीचं पान, त्याच गोष्टीनं वाचणारी घरी बसली! संध्याकाळी मी ओट्याच्या कोपऱ्यावर जाऊन बसले. मुलगे सगळे सायकलींवर हुडकेश्वरकडे गेलेले. तिकडे तेव्हा नुसती शेतं, आपट्याची पानं मिळायची. मंदिरात राहिल्या मुली, दोन-चार बायका, गुरुजी आणि घडी घातलेल्या हातांनी बसलेले आबाजी. मला कितपत धीर होतो, हे पाहायलाच आबाजी आले होते.

आरती झाली. दोन वेण्या, नवा फ्रॉक, मंदा पाटापुढे जाऊन बसली. "काकूंना अडचण आहे. आज मी वाचते."

आबाजी अर्धवट उठले. पण म्हणतील काय? वाचू नको म्हटलं, तर ती विचारणार, का? गुरुजी म्हणाले, "वाच, बाळ."

मंदानं वाचायला सुरुवात केली. खणखणीत, एकेक अक्षर सुटं. पुस्तकानं साध्या शब्दांत लिहिलं होतं. मुली मोठ्या होऊ लागल्या की दर महिन्याला काही दिवस अंगातून थोडं रक्त जातं. तिथं तिचा आवाज थांबला. मी ओट्याची कड घट्ट धरली. मंदिराशेजारच्या घराची खिडकी उघडी, तिथल्या सासूबाई हात जोडून ऐकत होत्या, बहुतेक आरतीच समजून!

मग पुन्हा आवाज आला. आधी जरा हळू, मग मोठा. "हा आजार नाही. याने कोणी मरत नाही. शरीर चांगले वाढत असल्याची ही खूण आहे. घाबरू नये. घरातल्या मोठ्या माणसाला सांगावे."

'याने कोणी मरत नाही' हे वाक्य तिनं दोनदा वाचलं. नेमात तसं बसत नाही. पण मी हिशेबात धरलं नाही.

आबाजी तेव्हा बाहेर ओट्यावर येऊन, पाठ करून, आभाळाकडे पाहत उभे होते. आभाळात काही नव्हतं. कावळासुद्धा!

शांताबाई मंदिरातून निघाली ती माझ्याजवळ येऊन, चार हात लांब टेकली. डोळे पुसत होती. "मले हे कोनी नाई सांगतलं वं, वहिनी! म्या तं दोन दिवस कापसाच्या ढिगात लपून बसली होती. वाटे, मरून राहिली मी! कापूस लाल झाला तं बापानं विचारलं, हे काय व्हय? म्या म्हटलं, कुकू सांडलं."

"मग?"

"बाप म्हने, वा! शकुन झाला, आवंदा भाव चांगला येते!"

*

दुसऱ्या दिवशीचं एक्केचाळिसावं पान बारीक अक्षरात होतं. मंदानंच वाचलं. वर लिहिलं होतं, 'हे पान घरातल्या मोठ्यांसाठी.' हे ऐकताच पोट्टे पांगले. आबाजी तर आलेच नव्हते. सरस्वती आणि गुरुजी, एवढेच दोघे शेवटपर्यंत बसून होते. गुरुजी मला ओट्यावरून ओरडून म्हणाले, "ताई, पान चांगलं होतं. पण ज्यांचं होतं ते कोणी ऐकलं नाही!"

कोजागिरीला उत्तरपूजा झाली. कपाट जिथं होतं तिथंच राहिलं. आबाजींनी त्याचा विषय काढला नाही. माझ्याशी कित्येक दिवस बोललेही नाहीत.

*

कार्तिकातली सकाळ. काकडआरती होऊन गेली होती. मी दारात रांगोळी घालत होते, उत्तरपूजेनंतर घरी आणलेली पोथी कोनाड्यात होती. समोरून आबाजी धावत आले. हो, धावत! टोपी नाही, चपला नाही, धोतराचा सोगा हातात. तोंडात दातही नव्हते, त्यामुळे निम्मे शब्द वारा होऊनच आले.

"सूनबाई! डॉक्टर… तिच्या बापाला तार करू का? ती मला सांगते आहे! मला!"

मागून मंदा आली. एक वेणी घातलेली, एक सुटलेली. चेहरा शांत. पायरीपाशी थांबली.

"काकू, पुस्तकात लिहिलंय ना, घरातल्या मोठ्या माणसाला सांगावे? आमच्या घरात मोठे आबाच आहेत. म्हणून सांगितलं."

मी रांगोळीचे हात पदराला पुसले, तिचा हात धरून तिला आत घेतलं आणि झोपाळ्यावर माझ्याजवळ बसवलं.

आबाजी दारातच. "पण मला यातलं काय कळतं, पोरी? मी काय करू?"

मंदानं कोनाड्याकडे बोट केलं. मी पोथी काढून दिली. तिनं फडकं सोडलं, मोरपीस होतं तिथंच ठेवून मागची पानं उलटली, आणि पुस्तक उघडंच आजोबांच्या हातात दिलं.

"घाबरू नका, आबा. चाळिसावं माझं होतं. हे तुमचं आहे."

आबाजी पायरीवर बसले. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं.

"मंदे, जा, चष्मा…" आणि एकदम थांबले. "नको, नको. तू बस, बेटा. मीच आणतो."

दोन पावलं गेले, नि परत वळले.

"दातही आणतो. मोठ्यानं वाचायचा नेम आहे ना, सूनबाई?"